सिंह निघाला तर

"अहो थांबा, थांबा जरा," मी म्हटलं, पण तोवर सोनबा गुरवांनी तेलात कालवलेला शेंदूर वाघोबाच्या कपाळावर थापला होता.

"काय झालं, बाई?"

"आज नका ना लावू. मी पुण्याहून एवढ्यासाठीच आले आहे. आज मला नुसतं बघू द्या, लेप उद्या लावा."

"उद्या कसा लावायचा? आमावस्या आज हाय."

त्यांनी दुसरा हात थापला, मग तिसरा. घाई कसली ती त्यांना नव्हतीच. अंगठ्याने कडा सारख्या केल्या, चांदीचे दोन डोळे ओल्या शेंदरात दाबून बसवले आणि हात पुसत ते माझ्याकडे बघून हसले. मला रडायला येत होतं. दर अमावस्येला एक लेप, म्हणजे दर महिन्याला माझं काम एका लेपाने आणखी आत जाणार. आणि हा माणूस मला विचारत होता की चहा घेणार का.

त्या शेंदराच्या आत एक कवटी होती. माणसाची नव्हे, मोठ्या मार्जारकुळातल्या जनावराची, आणि दगड झालेली. घोड नदीच्या काठावर वाळूगोट्यांचा जुना थर आहे, त्यात वीस वर्षांपूर्वी ती माझ्या सरांना मिळाली होती. आता ती मांडवदरे गावाच्या शिवेवर, करंजाच्या झाडाखालच्या दगडी घुमटीत, देव होऊन बसली होती. इतके लेप चढले होते की कवटीचा आकार म्हणून काही उरलाच नव्हता. एक मोठं लाल कलिंगड आणि त्याला डोळे, बस.

आमचे चौबळ सर म्हणजे विद्यापीठातले जुन्या जीवाश्मांचे प्राध्यापक. त्या वर्षी पुराने काठ कोसळला होता म्हणून ते एकटेच थर बघायला आले होते, आणि संध्याकाळच्या उजेडात त्यांना ती कवटी दिसली. जवळ पेटी नाही, प्लास्टर नाही, कॅमेऱ्यातली फिल्म संपलेली. त्यांनी कवटी ओल्या फडक्यात गुंडाळून सोनबांच्या हवाली केली आणि पुण्याला पेटी आणायला गेले. तिथे विषमज्वराने अंथरूण धरलं. दोन महिन्यांनी परत आले तर कवटी लाल झाली होती.

"सायबांनीच तर सांगितलं व्हतं," सोनबा म्हणायचे. "जपून ठिवा, कुनाला हात लावू देऊ नका. आता बाई, तुमीच सांगा, घरात ठिवली तर पोरंसोरं हात लावनारच. देवळात ठिवल्याबिगार जपनूक हुती का? आन त्याच पुरानं आमचा जुना दगडाचा वाघोबा वाहून न्हेला व्हता. पुरानं न्हेला, पुरानंच दिला. आमी काय करनार?"



सरांनी मात्र घाई केली. फडक्यात गुंडाळण्याआधी जेवढं दिसलं तेवढ्यावर, आठवणीतून, त्यांनी निबंध लिहिला की ही कवटी सिंहाची आहे. दख्खनच्या त्या थरात पाणघोड्यांचे दात मिळतात, इतका तो जुना. तितक्या जुन्या काळी इथे सिंह होता असं म्हणणं म्हणजे सिंहाचा सगळा इतिहासच मागे ढकलणं. परिषदेत लोकांनी विचारलं, फोटो? नाही. मोजमापं? नाहीत. मग नमुना कुठे आहे? तो देवळात आहे. सभागृह इतकं हसलं म्हणतात की अध्यक्षांना घंटी वाजवावी लागली. तेव्हापासून विभागात त्यांना पाठीमागे 'सिंहवाले' म्हणत. सर ऐकायचे आणि ऐकलं नसल्यासारखं करायचे. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. माझा प्रबंध दख्खनच्या मोठ्या मार्जारांवर होता आणि त्यातलं मुख्य प्रकरण ह्या कवटीवर. परीक्षकांनी स्पष्ट कळवलं होतं की नमुना तपासा, नाहीतर प्रकरण काढून टाका. जूनमध्ये सर निवृत्त होणार होते.

मला पूर्ण कवटीही नको होती. नाकाच्या वर, कपाळावर, चार बोटांची जागा दिसली असती तरी पुरलं असतं. हे मी सोनबांना त्या अमावस्येला, घुमटीसमोर मांडी ठोकून, परत एकदा समजावलं.

"वाघ आणि सिंह अंगावरच्या कातड्यामुळे वेगळे दिसतात, सोनबा. कातडं काढून नुसती हाडं पुढ्यात टाकली तर भलेभले फसतात. एक खूण मात्र पक्की." मी माझ्या नाकाच्या मुळावर बोट ठेवलं. "ही नाकाची हाडं. वाघाची कपाळात वर चढतात, शेजारच्या जबड्याच्या हाडांना मागे टाकून. सिंहाची त्यांच्या बरोबरीने थांबतात. तो सांधा मला बघायचा आहे. तेवढाच शेंदूर काढू या, मग तुम्ही परत लावा."

"देवाच्या तोंडाला तासनी लावायची?"

"तासणी नाही हो. मऊ ब्रश आहे."

"त्यो बुरुस कशाचा हाय?"

ब्रश कसल्यातरी केसांचा होता. मी तो पिशवीत सारला.

सोनबांची बायको चांगुणाबाई चहा घेऊन आल्या. सोनबा बशीत चहा ओतता ओतता विचारात पडले होते. माणूस हट्टी होता, पण त्याला ऐकायची हौस दांडगी.

"मंजी वाघ आन सिंव्ह भाऊ भाऊ म्हना की."

"भाऊबंद."

"आन बिबट्या?"

"तोही त्याच घराण्यातला. मूळपुरुष एकच."

तेव्हा ह्यापलीकडे मलाच काय, कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुढे रक्तामांसातल्या खुणा वाचायचं शास्त्र आलं आणि हाडांवरून जुळवलेली नाती उलटीपालटी झाली. वाघाचा सगळ्यांत जवळचा नातलग निघाला हिमालयातला बर्फाळ बिबट्या, आणि सिंह जाऊन बसला आपल्या उसात लपणाऱ्या बिबट्याशेजारी. कवट्या इतक्या सारख्या असून वाघ आणि सिंह त्यामानाने लांबचे. हे सोनबांना सांगायला मिळालं असतं तर मजा आली असती.

"मूळचं गाव कोन्तं त्यांचं?" सोनबांनी विचारलं.

"घराणं आशियातलंच असावं. पण आपल्याकडे सिंह आला पश्चिमेच्या वाटेने आणि वाघ आला पूर्वेकडून, तोही फार उशिरा. म्हटलं तर दोघंही बाहेरचेच."

सोनबांनी बशी खाली ठेवली. "वाघोबा बाहेरचा? शिवेचा राखनदार हाय त्यो. राखनदार कुटं बाहेरचा आस्तो, बाई?"

"आमचे सर म्हणतात हा वाघ नाहीच. सिंह आहे."

मी हे बोलायला नको होतं की बोलले ते बरं झालं, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. सोनबांनी मान वळवून त्या लाल गोळ्याकडे पाहिलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "सिंव्ह तर देवीच्या पायाशी आस्तो. त्यो शिवंला कशाला बसंल?" सोनबा उठले आणि दिवा लावायला गेले.

पुढच्या खेपेला ते म्हणाले, देवालाच विचारू, कौल लावू. म्हणजे वाघोबाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. शिष्यवृत्ती संपत आलेली. उन्हात बसून एका जीवाश्मावरची पाकळी गळायची वाट बघतेय. उजवी पडायला हवी, उजवी पडायला हवी, असं मनातल्या मनात म्हणतही होते, आणि स्वतःचा संताप येत होता. दुपार कलली. एकही पाकळी पडली नाही. पडणार कशी? शेंदूर तेलकट, पाकळ्या त्याला अशा चिकटल्या होत्या की वारा सुटला तरी हलल्या नाहीत.

"आज देव बोलत न्हाई," सोनबा म्हणाले.

"अहो, पाकळ्या चिकटल्यात!"

"त्येच म्हनतोय म्या."

तिसऱ्या खेपेलाही तेच. चौथ्या खेपेला डावी पडली, आणि मी लगेच म्हटलं की मघाशी गाईची शेपटी लागली होती, हा कौल धरू नका. सोनबांनी ते मान्य केलं. इतका न्यायी माणूस, आणि त्याच्यामुळे माझी सगळी वर्षं पाण्यात चालली होती. मी पुण्याला येऊन सरांवर ओरडले. सर म्हणाले, "माझ्यावर ओरडून काय उपयोग? मी वीस वर्षं ओरडतोय, माझ्यावरच." त्या महिन्यात आम्ही दोघंही एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

वैशाखात विभागात फोन आला. तालुक्याच्या पोस्टातून कोणीतरी सोनबांचा निरोप वाचून दाखवत होतं. देवानं खोळ टाकली आहे, सायबांना घेऊन लगेच या.

खोळ टाकणं म्हणजे वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर आपोआप सुटून पडणं. त्या वर्षी ऊन इतकं होतं की लेपांना भेगा पडल्या असणार आणि सगळं कवच एकदमच निखळलं असणार. म्हणजे कवटी उघडी होती. मी विद्यापीठाची जीप मिळवली, पेटी भरली, भुसा घेतला, प्लास्टर घेतलं, कॅमेऱ्यात नवी फिल्म घातली. सर पुढच्या सीटवर बसले होते आणि गुडघ्यावर बोटं वाजवत होते. शिरूर मागे पडलं. मग म्हणाले, "त्या वेळी उजेड कमी होता."

"पण तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं होतं. खरंच पाहिलं होतं."

घुमटीच्या तोंडाला घोंगडी टांगली होती. शेंदराची खोळ, ताटाएवढाले दोन तुकडे, केळीच्या पानावर ठेवून वर फुलं घातली होती. ती दुपारनंतर नदीत सोडायची होती. सोनबा आणि गावातली पाच-सहा वडीलधारी माणसं करंजाखाली बसली होती. सगळे आमचीच वाट बघत होते, हे पाहून मला बरं वाटलं.

सोनबांनी आधी पाणी दिलं. मग सरांच्या समोर बसले.

"सायेब, ह्या बाईंनी आमाला घोर लावलाय. म्हनत्यात ह्यो वाघ न्हाई, सिंव्ह हाय. रातध्याड झोप न्हाई मला. वाघोबा शिवंची राखन करतो, आमच्या आज्यापंज्यापास्नं करतो. सिंव्हाचं ठानं हितं न्हाई. परका जीव आनून बसवला आसंल आन आमी त्येच्याकडं राखन मागत आसू, तर त्यो काय राखनार? त्येला आमच्या शिवंचं काय ठावं?"

"मग काय करायचं म्हणता?" सर म्हणाले.

"आमी बसून ठरवलंय. सिंव्ह निघाला तर तुमी घिऊन जा. पेटीत घाला, पुण्याला न्या, काय करायचं ते करा. आमी नवा दगड घडवून घिऊ. वाघ निघाला तर आजच्या आज लेप चढंल, आन परत ह्यो इषय काढायचा न्हाई. माझ्या मागारी माझ्या पोरांकडंबी न्हाई."

"आणि कोण निघाला ते ठरवायचं कोणी?"

"तुमीच की. त्यातलं तुमाला कळतंय. तुमी सांगाल ते."

वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. मला तर तिथेच उडी मारावीशी वाटली. वीस वर्षांचं भिजत घोंगडं एका वाक्यात सुटलं होतं. सिंह तर निघणारच होता, सरांनी तो बघितला होता. मी धावत जीपकडे गेले, पेटी उतरवून घुमटीसमोर आणली, झाकण उघडून आत भुसा पसरला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून घोंगडीपाशी गेले.

सोनबा आडवे आले. "तुमी न्हाई, बाई."

"म्हणजे?"

"उघडा देव बाईमानसानं बघायचा न्हाई. सायेब एकटं जातील, आंगुळ करून. आन फोटू न्हाई."

"अहो, प्रबंध माझा आहे. मापं मला घ्यायची आहेत. मी पाच महिने येतेय इथे."

"म्या तर कारभारीन हाय ह्या देवळाची," चांगुणाबाई मागून म्हणाल्या. "उभी हयात गेली हितं. म्याबी न्हाई बघितला."

त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, मला कळलं नाही. मला भांडायचं होतं. पण सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सिंह निघाला की पेटीत येणारच आहे. मग घे हवी तेवढी मापं." ते खरंच होतं. मी कॅमेरा काढून जीपमध्ये ठेवला.

सर नदीवर जाऊन आले. सोनबांचं धोतर नेसले होते, चष्मा ओला होता, केसांतून पाणी गळत होतं. विद्यापीठात टाय लावून येणारा माणूस. मी त्यांच्या हातात टॉर्च दिला.

"टॉर्च आडवा धरा, सर. समोरून धरलात तर सांधा दिसणार नाही, सावली पडायला हवी."

"मीच शिकवलंय ते तुला," ते म्हणाले आणि घोंगडीआड गेले.

आतून टॉर्च लावल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. दोन मिनिटांचं काम होतं. मी घोंगडीच्या खालून दिसणाऱ्या त्यांच्या टाचांकडे बघत होते. टाचा एकदा डावीकडे सरकल्या, मग परत उजवीकडे. मग ते खाली बसले असावेत, कारण टाचा दिसेनाशा झाल्या. सोनबा हात जोडून बसले होते आणि त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर माझ्याच पेटीतला भुसा सारखा करायची वेळ आली.

सर बाहेर आले. माझ्याकडे न बघता सोनबांसमोर जाऊन उभे राहिले.

"वाघ आहे," ते म्हणाले. "माझंच चुकलं होतं. वाघच आहे."

सोनबांनी जमिनीला डोकं टेकवलं. चांगुणाबाईंनी नारळ पुढे केला. म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी डोळे पुसले, आणि पुढच्या क्षणी सगळे एकदम बोलायला लागले, तेल आणा, शेंदूर आणा. सोनबा परात घेऊन घोंगडीआड गेले. ओल्या शेंदराचा थपथप आवाज यायला लागला. तो आवाज मला पाठ होता.

मी सरांना हाताला धरून जीपच्या मागे नेलं.

"नीट पाहिलंत ना, सर?"

"पाहिलं."

"नाकाची हाडं कुठपर्यंत आहेत?"

"चांगली वर गेलीत. जबड्याची खाली राहिलीत. शंकेला जागाच नाही, पहिल्या वर्षाचं पोर सांगेल." ते धोतराच्या टोकाने चष्मा पुसत होते. "त्या दिवशी एक तडा गेला होता, आडवा. मी तडा पाहिला आणि सांधा समजलो. वीस वर्षं एका तड्यासाठी भांडलो."

मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण अर्धा क्षणच, कारण लगेच माझ्या डोक्यात दुसरंच पेटलं.

"सर, वाघ. त्या थरात वाघ."

"हो."

"वाघ उशिरा आला म्हणतात ना सगळे? पूर्वेकडून, अगदी अलीकडे? आणि इथे पाणघोड्यांच्या थरात वाघ. हे सिंहापेक्षा मोठं आहे, सर. ह्यापुढे सिंह काहीच नाही."

"मला आतच लक्षात आलं ते."

"आतच लक्षात आलं?" माझा आवाज चढला. "लक्षात आलं आणि तरी तुम्ही बाहेर येऊन वाघ म्हणालात?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"सिंह म्हणायचं होतं!"

करंजाखालच्या दोघातिघांनी वळून बघितलं. मी आवाज खाली आणला, पण थांबले नाही. "एक शब्द, सर. पेटी उघडी होती. ते आनंदाने देत होते. पुण्याला नेली असती, मापं घेतली असती, आणि मग छापलं असतं की वाघ आहे. कोणाचं काय बिघडलं असतं? सोनबा काय आपले निबंध वाचायला येणार होते? त्यांनी नवा दगड बसवला असता आणि सुखाने राहिले असते. आता? आता परत काहीच नाही. फोटो नाही, माप नाही, नमुना देवळात. माझं प्रकरण गेलं. तुमचं सगळं गेलं. कशासाठी?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ओल्या धोतरात त्यांना थंडी वाजत असावी असं वाटलं, इतके ते आखडून उभे होते, वैशाखाच्या उन्हात.

"तुला काय वाटतं, तो शब्द माझ्या तोंडात नव्हता?" ते म्हणाले. "वीस वर्षं दुसरा शब्दच नाही माझ्या तोंडात. आत बसलो तेव्हा दोनदा म्हणून पाहिला, हळू आवाजात. छान जमत होता."

"मग?"

"हेमलता, मी परिषदेत उभा राहिलो तेव्हा एकानेही माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. विभागात नाही ठेवला. घरी बायकोसुद्धा म्हणायची, तुम्हाला भास झाला असेल. त्यांचं बरोबर होतं, तो वेगळा मुद्दा. पण वीस वर्षांत 'तुम्ही सांगाल ते' असं मला कोणी म्हणालेलं नाही. हा माणूस म्हणाला. त्याने त्याचा देव माझ्या जिभेवर ठेवला आणि बाहेर बसून राहिला, आत डोकावलासुद्धा नाही. त्याला खोटं सांगायचं होतं मी?"

मी पेटीचं झाकण लावलं.

सोनबांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढताना ते इतके खुशीत होते की सरांच्या पानात पोळ्यांवर पोळ्या पडत होत्या. "सायेब, वीस वर्सं तुमी सिंव्ह म्हनत व्हता, मंग येका घटकंत वाघ म्हनालात," ते म्हणाले. "म्हून मला पटलं. खोटं बोलनारा मानूस आपलं आधीचंच धरून बसतो." सर मान खाली घालून जेवत राहिले.

माझं प्रकरण गेलं. प्रबंध त्याच्याशिवाय झाला, बऱ्यापैकी झाला आणि कोणी वाचला नाही. सरांनी निवृत्तीआधी त्याच नियतकालिकाला अर्ध्या पानाचा खुलासा पाठवला, की माझी ओळख चुकली होती, कवटी वाघाची आहे. संपादकांनी विचारलं, नमुना कुठे आहे? तो खुलासा छापून आला नाही. सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वाघ इथे नेमका कधी आला ह्यावर अजून वाद चालू आहेत, आणि मी त्या वादात तोंड उघडत नाही, कारण माझ्याजवळ दाखवायला काहीच नाही. त्यांनी सिंह म्हणायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. हे मी त्यांच्या शोकसभेतही म्हटलं असतं, पण मला बोलावलं नव्हतं.

हल्ली वनखात्याची माणसं माझ्याकडे येतात. कुठे धाड पडते, नखं सापडतात, दात सापडतात, कातड्याचे तुकडे सापडतात. त्यातलं खरं किती आणि बैलाच्या शिंगातून कोरलेलं किती हे मी सांगायचं, आणि माझ्या सांगण्यावर कोणीतरी तुरुंगात जातं किंवा सुटतं. परवा एक तरुण अधिकारी आला होता. पकडलेला माणूस पूर्वीही दोनदा सुटलेला, ह्याच धंद्यातला, सगळ्यांना ठाऊक असलेला. पाकिटात एकच नख होतं. मी भिंगाखाली धरलं आणि पहिल्या नजरेतच मला कळलं की ते शिंगाचं आहे.

"वाघाचं असलं तर बरं होईल, मॅडम," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगाल ते." आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

मी दार लावून घेतलं. सरांचा मला भयंकर राग आला. मग नख परत दिव्याखाली आडवं धरलं आणि पहिल्यापासून बघायला लागले.